हेडफोनमुळे कानठळ्या बसल्या, चार दिवस झाले: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, मुक्काम पुणे, आयईएम (कानाच्या नळीत घट्ट बसणारे इन-इअर हेडफोन) आणि ओपन-बॅक (मागून उघडे, बाहेरचा आवाज आत येऊ देणारे) हेडफोनचा नाद. चार दिवसांपूर्वी रात्री टेबलावरच्या, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचं गेन (आवाज किती पट वाढवायचा ती पातळी) वर राहिलं होतं. आयईएम कानात असतानाच गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं आणि दोन-तीन सेकंदांत ते ओढून काढले. तेव्हापासून डाव्या कानाला दडा बसलाय, बारीक शिट्टी वाजते, झांजांचा आवाज फाटल्यासारखा येतो. केबल बदलली, आयईएमच्या टोकाच्या मऊ टिप बदलल्या, दुसरे हेडफोन लावून पाहिले. फॅमिली डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले. ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू आहे आणि हे गृहस्थ ताशा वाजवतात. आपोआप बरं होईल का, आणि पुन्हा हेडफोन वापरता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

उद्या सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची यंत्रावरची तपासणी, करून घ्या. बाकीचं उत्तर तिथे नंबर लागेपर्यंत वाचलंत तरी चालेल.

घाई का, ते सांगतो. आतल्या कानाला अचानक इजा झाली किंवा ऐकू येणं एकाएकी कमी झालं, तर ज्याचा उपयोग होण्याची शक्यता असते असं औषध आम्हा कानाच्या डॉक्टरांकडे मुख्यतः एकच आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. काही जणांचे कान आपोआप सुधारतात, हे खरं. मोठ्या आवाजानंतरचा दडा आणि शिट्टी पुष्कळदा एक-दोन दिवसांत उतरते. पण तुमचा चौथा दिवस आहे आणि उतार नाही. आपोआप बरं होणाऱ्यांत तुम्ही आहात की नाही, हे तपासणीशिवाय मलाही सांगता येणार नाही.

हेडफोनच्या शौकिनांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते. एरवी एखाद्याला एका कानाने कमी ऐकू येतंय हे कळायला महिने लागतात, फोन दुसऱ्या कानाला लावायची सवय लागली की मग लक्षात येतं. तुम्हाला पहिल्याच रात्री कळलं, कारण आवाज मध्यातून उजवीकडे सरकलेला तुमच्या कानाने लगेच पकडला. ही तुमची जमेची बाजू. पण पुढचे चार दिवस केबल, टिप, डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत-संकेत करणारं यंत्र), इक्वलायझर (सूर वर-खाली करायची सोय) यांत गेले. एका बाजूचा आवाज कमीजास्त झाला की दोष यंत्रात शोधायचा, ही सवय एरवी ठीक आहे. इथे मात्र उपचाराचे दिवस त्यात खर्ची पडतात.

त्यावर एक मिनिटाचा उपाय आहे. हेडफोन उलटे घाला, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर, आवाज अगदी हळू ठेवून. कमी ऐकू येणारी बाजू हेडफोनबरोबर सरकली तर दोष यंत्राचा: नळीच्या जाळीत मळ अडकलाय, केबल गेलीय, असं काहीतरी. बाजू सरकली नाही, डावा कान डावाच राहिला, तर दोष कानाचा. तुम्ही दुसरे हेडफोन लावून पाहिलेत आणि तरी डाव्यालाच कमी येतंय, म्हणजे ही परीक्षा झालीच आहे. आता केबल मागवू नका.

दुसरी परीक्षा तोंड बंद करून खालच्या पट्टीत 'म्म्म' असा हुंकार भरण्याची. तो आजारी कानात मोठा वाटला तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: मळ, पाणी, पडद्याला भोक. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानाचा संशय घ्यायचा. आम्ही ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवतो, तेव्हा हेच बघत असतो. पण हुंकार खालच्या सुरातला असतो आणि मोठ्या आवाजाची इजा आधी वरच्या सुरांना होते. म्हणून तो मधोमध ऐकू आला तरी निश्चिंत होऊ नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. इंटरनेटवरून साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच सूर) काढून, १० किलोहर्ट्झ ऐकू येतंय का, १२ येतंय का, असं दर तासाला तपासत बसू नका. ऐकू आलं नाही की माणूस आवाज वाढवतो, म्हणजे दुखऱ्या कानावर पुन्हा घाव. शिवाय घरच्या हेडफोनचा वरच्या सुरांतला प्रतिसाद टिप किती खोल बसली त्यावर बदलतो. त्या चाचणीतून भीतीशिवाय काही हाती लागत नाही.

आत नेमकं काय झालं असावं? कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात, साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने आधी बाहेरच्या पेशी घायाळ होतात. कमी आवाज वाढवून देणं आणि शेजारशेजारचे सूर वेगळे करणं हे त्यांचं काम. त्या नुसत्या थकल्या असतील तर सावरतात. मेल्या तर माणसात नव्या उगवत नाहीत. झांज फाटल्यासारखी वाटते तीही यामुळेच. त्या पट्टीत हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि थोडा वाढवला की एकदम अंगावर येतो. याला आम्ही रिक्रूटमेंट म्हणतो. कधी कधी एकच सूर दोन कानांत किंचित वेगळ्या उंचीचा लागतो, डिप्लॅक्युसिस. तानपुऱ्याचं अ‍ॅप हळू आवाजात लावून आळीपाळीने एकेक कान झाका. फरक जाणवला तर डॉक्टरांना जरूर सांगा. बहुतेक रुग्णांना हे शब्दांत मांडताच येत नाही, तुम्हाला येईल.

तुमचा आवाज किती मोठा होता याचा अंदाज घ्या. बऱ्याच आयईएमवर १ मिलिवॉटला ११० डेसिबलच्या आसपास अशी संवेदनशीलता लिहिलेली असते. शक्ती दहापट झाली की १० डेसिबल वाढतात. म्हणजे १०० मिलिवॉटला १३०, आणि टेबलावरचे अनेक अ‍ॅम्प ३२ ओहमच्या हेडफोनला त्याच्या कितीतरी पट देऊ शकतात. प्रत्यक्षात आयईएममधला इवलासा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) त्याआधीच हात टेकतो, पण १२० च्या पुढचे दोन सेकंद कानाला पुरेसे असतात. "दोनच सेकंद होतं हो" हे म्हणूनच ओपीडीत सांगण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सांगा: कुठला अ‍ॅम्प, गेन किती, आयईएम कोणते, साधारण किती सेकंद. डॉक्टरांना मॉडेल समजणार नाही, पण 'कानात घट्ट बसणाऱ्या हेडफोनमधून स्फोटासारखा आवाज' एवढं नक्की समजेल.

ओपीडीत गेलात की पहिलं वाक्य महत्त्वाचं. 'कानात आवाज येतोय' म्हणालात तर गर्दीच्या दिवशी मळ बघून, एखादी गोळी लिहून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते. म्हणा, "चार दिवसांपूर्वी अचानक मोठा आवाज झाला, तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, ऑडिओमेट्री करायची आहे." चक्कर आली होती का, कानातून रक्त किंवा पाणी आलं का, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, हेही स्वतःहून सांगा. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून ते लपवू नका.

खाजगीत जायचं नसेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी, या सगळ्या रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे. तिथे श्रवणतपासणी चांगली होते, पण तुमच्यासारख्या ताज्या इजेत आधी डॉक्टर, कारण औषध तेच लिहून देणार.

फॅमिली डॉक्टरांच्या थेंबांबद्दल: ते तूर्त थांबवा. आतल्या कानाच्या इजेपर्यंत थेंब पोचतच नाहीत. आणि पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब मधल्या कानातून आत उतरून उरलंसुरलं ऐकणंही बिघडवू शकतात. आधी पडदा दिसायला हवा, मग थेंब. घरची लसूण-तेलाची वाटीही दूर ठेवा, आजी कितीही मायेने म्हणाल्या तरी.

तपासणीचं थोडं खोलात सांगतो, कारण तुम्हाला यात रस असणार. नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झची, एकेका सप्तकाच्या अंतराने होते. मोठ्या आवाजाचा खड्डा ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४ वर पडतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टना ३००० आणि ६००० हर्ट्झही घ्यायला सांगा, काही ठिकाणी वेळ वाचवायला ते गाळतात. हवेतून आणि हाडातून, दोन्ही मार्गांनी तपासणी व्हायला हवी. सोबत टिंपॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडदा आणि मधला कान तपासणं), जमल्यास ओएई. ओएईत बाहेरच्या केसपेशींचा स्वतःचा प्रतिध्वनी मोजला जातो, तुम्ही बटण दाबलं की नाही यावर तो अवलंबून नसतो. मात्र टिंपॅनोमेट्रीला जोडून होणारी रिफ्लेक्सची (मोठ्या आवाजाला कानाचा स्नायू आखडतो का, याची) चाचणी या आठवड्यात नको. तिच्यात कानात बराच मोठा आवाज सोडतात. ताज्या इजेत मी ती पुढे ढकलतो, तुम्हीही तशी विनंती करा.

तपासणीचा हेडफोन पाहून नाक मुरडू नका. बहुतेक ठिकाणी तो टीडीएच-३९ असतो, रबरी गादीचा, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आणल्यासारखा दिसणारा. त्याची किंमत त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये आहे. ८ किलोहर्ट्झच्या वर तो भरवशाचा नाही, म्हणून १६ पर्यंतची वाढीव तपासणी असेल तिथे सेनहायझर कंपनीचे एचडीए २०० किंवा एचडीए ३०० हे हेडफोन सापडतात. तुमच्या शेल्फवरच्या सेनहायझरांचे हे नातेवाईक, फक्त गाणी कधी न ऐकलेले.

आलेख हातात पडला की तो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्ससारखा वाचू नका. लाल गोळा म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. त्यातले डेसिबल साउंड लेव्हल मीटरचे नाहीत. प्रत्येक सुराला निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज तिथे शून्य धरलेला असतो. खाली 'नॉर्मल' असं लिहिलेलं असलं तरी दोन कानांतला फरक बघा. अनेक ठिकाणी अजून २५ पर्यंत नॉर्मल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ही सीमा २० वर आणली आहे. उजवा ५ वर आणि डावा २५ वर असेल तर कागद नॉर्मल म्हणेल, पण तुमच्यासाठी तो २० डेसिबलचा खड्डा आहे. हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. आणि उलटही होतं: आलेख अगदी सरळ, ओएई चांगली, तरी शिट्टी आणि गोंगाटात बोलणं न कळणं. केसपेशी शाबूत राहून त्यांचे नसेशी असलेले जोड तुटतात, असं २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांत दाखवलं. माणसात ते नेमकं मोजायची सोय ओपीडीत अजून नाही. म्हणून "रिपोर्ट चांगला आहे, तुम्हाला भास होतोय" असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

उपचार. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली तर ती अचानक बहिरेपणाच्या व्याख्येत बसते. तिथे प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत द्यावं, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्याने भागलं नाही तर पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देता येतं, साधारण सहा आठवड्यांपर्यंत. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात जागा बधिर करून पाच-दहा मिनिटांत होतं. आवाजाच्या इजेत स्टेरॉइडचा पुरावा इतका पक्का नाही. तरी खड्डा स्पष्ट असेल आणि दुसरी अडचण नसेल तर मी ते देण्याच्या बाजूचा आहे, कारण वेळ गेल्यावर देण्यासारखं दुसरं काही उरत नाही. पण हे औषध मित्राच्या चिठ्ठीवर घेऊ नका, आणि मधेच एकदम बंदही करू नका.

चिठ्ठीत बीटाहिस्टिन, जिंको, बी-१२, रक्ताभिसरण वाढवणारी गोळी अशी पलटण दिसली तर विचारा, हे कशासाठी. शिट्टी घालवण्यासाठी बीटाहिस्टिनचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बी-१२ ची कमतरता असेल तर ते घ्यावं, नाहीतर त्याने कान उघडत नाही.

शिट्टीबद्दल लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि घाबरल्याने ती मोठी होते. रात्री पूर्ण शांत खोलीत झोपू नका. पंखा चालू ठेवा, पावसाचा आवाज लावा, स्पीकरवर आणि शिट्टीपेक्षा थोडा हळूच. शिट्टी बुडवायची नाही, तिला गर्दीत बसवायचं. महिनोन्महिने राहिलीच तर समुपदेशन, विशेषतः सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत), त्रास कमी करायला खरोखर मदत करतं. दिवसभर कानात प्लग घालून बसणं टाळा. त्याने मेंदू आवाजाला आणखी हळवा होतो, भांड्यांचा आवाजही सोसेनासा होतो. प्लग मोठ्या आवाजासाठी, घरच्या स्वयंपाकघरासाठी नाही.

आणि आता ताशा. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, माझ्या दृष्टीने तो प्रश्नाचा अर्धा भाग आहे. ताशाचा आवाज बारीक आणि कडक, आणि तो वाजतो अगदी अंगापाशी. तासन्‌तासांच्या सरावाने आधीच दमलेल्या कानावर हेडफोनचा तडाखा बसला असण्याची दाट शक्यता आहे. कारणं दोन असली तरी कान एकच. या मोसमात ताशा सोडा. पथकाला सांगा, डॉक्टरांनी बंदी केली आहे. माझ्या नावावर खपवा. ध्वज धरा, वाहतूक सांभाळा, पण डीजेच्या भिंतीसमोर उभं राहणं नको. पुढच्या वर्षी वाजवायचं असेल तर फोमचे नव्हे, वादकांसाठीचे सपाट घट देणारे प्लग घ्या. ते आवाज कमी करतात, सुरांचा तोल फारसा बिघडवत नाहीत.

पुन्हा हेडफोन कधी? निदान दोन आठवडे नाही, आणि नंतरच्या ऑडिओमेट्रीत आलेख स्थिर किंवा सुधारलेला दिसल्यावरच. तोवर खोलीतल्या स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजात. सुरुवात ओपन-बॅकने करा, रात्री शांत खोलीत, पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाढली तर आठवडाभर पुन्हा थांबा. इक्वलायझरने ४ किलोहर्ट्झ १०-१५ डेसिबल वर उचलून खड्डा भरायचा मोह होईल. नका करू. रिक्रूटमेंटमुळे तो भाग आणखी बोचेल, आणि जिथे पेशी कमी उरल्या आहेत तिथेच तुम्ही मारा वाढवाल. दोन-तीन डेसिबलचा तोल वेगळा, त्याला माझी हरकत नाही.

किती आवाजात किती वेळ, याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या २०१८ च्या मानकात आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९५ ला सव्वा तास. हा आकडा निरोगी कानाचा. तुम्ही ७० च्या आसपास राहा. हातभर अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. प्रवासात ओपन-बॅक नेऊच नका, रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढतोच. तिथे नॉइज कॅन्सलिंग किंवा घट्ट बसणारे आयईएम कामाचे, कारण हळू आवाजात भागतं.

अ‍ॅम्पबाबत: आयईएमला लो गेन. आधी जोडणी, मग गाणं सुरू, मग हेडफोन कानात. काही प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये संगणकाचा आवाज ओलांडून थेट पूर्ण पातळी पाठवतात, आणि संगणकातलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर अपडेट झाल्यानंतर आवाज शंभरावर गेलेला असू शकतो. म्हणून आवाजाची खरी खुंटी अ‍ॅम्पवर ठेवा, सॉफ्टवेअरवर विसंबू नका.

याच शौकातून येणाऱ्या दुसऱ्या तक्रारी उरकतो. सिलिकॉनची टिप आत राहिली तर चिमट्याने ओढू नका, ती पडद्याकडे सरकते. आम्ही ती सूक्ष्मदर्शकाखाली काढतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईत, घामेजल्या कानात तासन्‌तास आयईएम ठेवले की बुरशी धरते: खाज, दडा, ओल्या कागदासारखा पांढरा-काळा मळ. कान साफ करून बुरशीचे थेंब द्यावे लागतात, आणि जुन्या टिप फेकाव्या लागतात. पडद्याला इजेने पडलेलं भोक बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं, पाणी जाऊ दिलं नाही तर. तोवर कस्टम (स्वतःच्या कानाच्या मापाने बनवलेल्या) आयईएमसाठी कानाचा साचा घेऊ नका, साच्याचा मसाला भोकातून आत गेला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

चक्कर, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, डोक्याला मार लागून कानातून पाणी येणं, किंवा मधुमेह असताना झोप उडवणारी कानदुखी, यांत उद्याचीही वाट बघू नका, रात्री इमर्जन्सीत जा. फक्त एकाच कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर तेही वेगळं सांगा, त्याची तपासणी वेगळी असते. आणि महिन्या-दोन महिन्यांनी दोन कानांतला फरक तसाच राहिला तर एमआरआय सांगितला जाईल. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला. ते यंत्र भलतं कर्कश असतं, आत जाण्याआधी प्लग आणि वर मफ (पूर्ण कान झाकणारी टोपणं), दोन्ही मागून घ्या.

उद्याच्या ऑडिओमेट्रीचा कागद जपून ठेवा. पुढची तपासणी उपचार संपल्यावर, मग साधारण महिन्याने, शक्यतो त्याच ठिकाणी आणि त्याच यंत्रावर.